गोरेपणाची डबी आणि ग्राहकाचे भिंग

भिवंडीत कापड घ्यायला आलेला व्यापारी ताक्यावरच्या छापावर कधी विश्वास ठेवीत नाही. तो ताका उलगडतो, पन्ना मोजतो, खिशातले छोटेसे भिंग कापडावर टेकवतो आणि एका इंचात उभे किती धागे व आडवे किती, हे मोजूनच भावाची गोष्ट काढतो. विकणाऱ्याने कितीही गोड बोलावे, भिंग खोटे बोलत नाही. पण हाच गृहस्थ संध्याकाळी घरी जातो, तेव्हा त्याच्या लेकीने चेहरा उजळण्यासाठी आणलेली चारशे रुपयांची डबी टेबलावर असते आणि त्या डबीवर काय लिहिले आहे, किंबहुना काही लिहिले आहे की नाही, हे पाहण्याचे त्याच्या मनातही येत नाही. कापड अंगावर चढते, मलम अंगात मुरते. तरी भिंग मात्र कापडाला!

या विषयावर लिहिण्याचे धाडस मी करतो आहे याचे आपल्या वर्गातील काहींना हसू येईल. 'मुलींचा विषय' असे म्हणून काही मित्र पाने उलटतील. त्यांना एवढेच सांगतो की, केसांना लावायचे जेल, दाढीचे तेल आणि 'पुरुषांसाठी खास' म्हणून निघालेली गोरेपणाची क्रीम यांचा खप आपल्याच बाकांवरून होतो. शिवाय ही सारी माया आपल्या अंगणातच साठवलेली आहे. नाशिक रस्त्यालगत मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडा या बाजूला जी मैलोगणती गोदामे उभी राहिली, त्यांतूनच मुंबईकरांच्या घरी जाणारी खोकी निघतात. चेहऱ्याला लावायचे दिव्याचे मुखवटे आणि केस काढायची प्रकाशयंत्रेही त्या खोक्यांत असतात. आपल्या गावच्या पोरांनी उचललेली खोकी आपल्याच गावच्या पोरी उघडतात. तेव्हा आत काय असते याची चौकशी करण्याचा हक्क आपल्याला नक्कीच आहे.

आधी अकोल्याची हकीकत सांगतो. २०२२ च्या सुमारास तिथल्या एका घरातील तीन बायका, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, एकापाठोपाठ एक मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. एकाच घरात तिघींना हा विकार व्हावा हे डॉक्टरांना चमत्कारिक वाटले. पाणी, अन्न, औषधे असे सगळे तपासून झाल्यावर लक्ष गेले ते एका क्रीमवर. ते स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून आणलेले होते आणि तिघीही वापरीत होत्या. मुलीचा चेहरा उजळलेला पाहून आई व बहिणीनेही ते लावायला सुरुवात केली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. ही बातमी वर्तमानपत्रांतून येऊन गेली, आपण वाचली आणि विसरलो. मला मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. त्या मुलीचा रंग खरोखरच उजळला होता. क्रीम 'काम करीत' होते.

काम कसे करते ते पाहा. आपल्या त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे एक विकर लागते आणि या विकराचे काम तांब्याच्या अणूंवर चालते. पारा तिथे घुसून विकराला निकामी करतो. रंग बनेनासा होतो, काही आठवड्यांत चेहरा फिका दिसू लागतो. पण पारा तिथेच थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथल्या बारीक गाळण्या बिघडल्या की, रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पावले सुजतात. क्रीममधून पाऱ्याची वाफही निघत असते, त्यामुळे जिने ते कधी लावले नाही अशा घरातल्या लहान मुलालाही त्याचा उपद्रव होऊ शकतो.

अकोल्याची गोष्ट एकटीदुकटी असती, तर योगायोग म्हणता आले असते. पण केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतील १५ जणांत एक सहसा न आढळणारी खूण मिळाली आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. समाधानाची बाब अशी की, क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला.

आता कायद्याचे पाहू. डोळ्यांच्या आसपास लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून दहा लाख भागांत ७० भागांपर्यंत पारा चालतो. इतर कोणत्याही प्रसाधनात तो मुद्दाम घालता येत नाही. कच्च्या मालातून नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. हे आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा बैठकीत तर २०२५ नंतर पारा घातलेली प्रसाधने अजिबातच नकोत, असे ठरले. कायदा आहे, करार आहे, तरी डबी येते. कारण डबी कायद्याच्या दारातून येतच नाही. ती पार्लरच्या कपाटातून, परदेशाहून आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून, ओळखीच्या ताईकडून येते. वर ना कारखान्याचे नाव, ना परवाना क्रमांक, ना घटकांची यादी.

डबी हातात घेतल्यावर आपले भिंग लावायचे ते इथे. भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि घटक यांची नोंद असावी लागते. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतले काहीच नसेल, तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. घटकांच्या यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, अमोनिएटेड मर्क्युरी, मर्क्युरिक आयोडाईड ही नावे दिसली, तर तो पाराच समजावा. अर्थात पारा घालणारा माणूस तसे छापील इतका भोळा नसतो. म्हणून कोरी डबी ही नावे छापलेल्या डबीइतकीच संशयास्पद. शिवाय आठ-दहा दिवसांत रंग दोन छटांनी उजळेल असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते खोटे म्हणून नव्हे, खरे ठरेल म्हणून भ्यावे. इतक्या वेगाने रंग उतरवणाऱ्या वस्तू फार थोड्या आहेत आणि त्यांतली एकही दुकानातून सहज उचलण्याजोगी नाही.

त्यांपैकी दुसरी म्हणजे स्टिरॉईड. ही तर औषधाच्या दुकानात उघड मिळते. इसबासारख्या त्वचाविकारांसाठी डॉक्टर लिहून देतात त्या बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलच्या नळ्या. कोणाला तरी खाजेवर गुण येतो, लावलेल्या जागेचा रंग फिका पडलेला दिसतो आणि नळी चेहऱ्याकडे वळते. एका घरातून दुसऱ्या घरात हळदीकुंकवाच्या वाणासारखी ती फिरते. स्टिरॉईडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पुरळ दबते, चेहरा चार दिवस तुळतुळीत दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, नको तिथे लव येते, मुरुमे उठतात. घाबरून नळी बंद करावी, तर चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा नळी! व्यसनाचीच ही रीत. देशातील बारा त्वचारोग केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण, म्हणजे शंभरात सुमारे १५, चेहऱ्यावर स्टिरॉईड लावीत होते. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा बाह्योपचाराची स्टिरॉईडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियमाचे काय होते ते कोणत्याही दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. नळीवर 'आरएक्स' ही खूण असेल, तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे, इतके तरी ओळखता यावे. आणि महिनोन्महिने लावीत असाल, तर एका दिवसात टाकून न देता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून सोडवावे.

औषध आणि प्रसाधन यांतली सीमा नेहमी इतकी स्वच्छ नसते. शेजारच्या डोंबिवलीत कारखाना असलेल्या विको कंपनीच्या हळदीच्या क्रीमचे उदाहरण गमतीचे आहे. ते औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी औषध ठरले. प्रसाधनावर कर जास्त, औषधावर कमी, हे त्या वादाचे मूळ होते. तेव्हा डबीवरचा 'आयुर्वेदिक औषध' हा शब्द वाचताना, तो परवान्याचा व कराचा शब्द आहे, गुणाची हमी नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

१९७५ हे साल या विषयात मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. ४५ वर्षांनी, २०२० मध्ये, तिच्या नावातला 'फेअर' गळून 'ग्लो' आला. त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉईड यांचे ते मिश्रण प्रसिद्ध केले, ज्याची नक्कल आज गल्लोगल्ली विनाचिठ्ठी विकली जाते. त्याच वर्षी फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने उन्हात माणसाची कातडी किती भाजते व किती काळवंडते यावरून त्वचेचे प्रकार पाडले. ते पाडले गोऱ्यांसाठी. आपल्यासारख्या सावळ्या व काळ्या कातडीचे पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. आणि त्याच १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सभासदांनी गट करून महिन्याचा माल एकत्र घ्यावा, मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहू नये, ही तिची कल्पना. जाहिरात, औषध, मोजपट्टी आणि ग्राहक अशी चौघे एकाच वर्षी जन्मली. पहिली तीन घरोघर पोचली.

फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीचे महत्त्व कळते ते घरगुती यंत्रे विकत घेताना. केस काढण्याची प्रकाशयंत्रे, ज्यांना 'आयपीएल' म्हणतात, हल्ली पाच हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळतात. त्यांचे तत्त्व सोपे आहे. तीव्र प्रकाशाचा झोत काळ्या रंगाकडे खेचला जातो, केसातले मेलॅनिन तो शोषते, मूळ तापते आणि दुबळे होते. पण मेलॅनिन केसातच असते थोडेच! सावळ्या कातडीतही ते असते आणि तीही तापते. म्हणजे हे यंत्र सर्वांत चांगले चालते ते गोरी कातडी व काळे केस असणाऱ्यावर. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. तिथे यंत्राचा जोर कमी ठेवावा लागतो, म्हणून परिणामही कमी. जोर वाढवला, तर भाजून काळे डाग पडण्याचा धोका. सहाव्या प्रकारासाठी हे यंत्र वापरू नये असे बहुतेक उत्पादक स्वतःच सांगतात. बऱ्याच यंत्रांत कातडीचा रंग ओळखणारा संवेदक असतो, गडद कातडीवर तो दिवा लावूच देत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही चांगलीच सोय. पण वीस हजार मोजून आणलेले यंत्र कपाटात गप्प बसले की, ती सोय गोड वाटत नाही. म्हणून खोक्यावरचा रंगांचा तक्ता पैसे देण्याआधी पाहावा, उघडलेले यंत्र परत घेतात का हे विचारावे, आणि जाहिरातीतली मुलगी कोणत्या रंगाची आहे याकडेही जरा लक्ष द्यावे. केस 'कायमचे नाहीसे' होत नाहीत, विरळ होतात, आणि मधूनमधून पुन्हा झोत द्यावा लागतो. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर कारण रक्तातील संप्रेरकांत असण्याचा संभव असतो. तिथे आधी डॉक्टर, मग यंत्र. सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात मानवणारा १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्वचारोगतज्ज्ञांकडे असतो. त्याचा एकूण खर्च आणि यंत्राची किंमत यांची तुलना एकदा कागदावर मांडून पाहावी.

तांबड्या-निळ्या दिव्यांच्या मुखवट्यांचे प्रकरण जरा वेगळे आहे. निळ्या प्रकाशाने मुरुमांचे जंतू कमी होतात आणि तांबड्याने त्वचेतील पेशींना चालना मिळते, याला प्रयोगांचा काही आधार आहे. पण प्रयोग लहान आहेत, आणि ज्या दिव्यावर ते झाले त्याची तरंगलांबी, तीव्रता व वेळ मोजलेली होती. बाजारातल्या स्वस्त मुखवट्यावर यातले काहीच लिहिलेले नसते, तो फक्त तांबडा दिसतो. तांबडा दिवा तर चित्रपटगृहाच्या दारावरही असतो! तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला किती, हे दोन आकडे जो विक्रेता देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. डोळ्यांचीही काळजी हवी. एका नामवंत अमेरिकी कंपनीने असाच मुखवटा २०१९ मध्ये डोळ्यांना अपाय होण्याच्या शंकेवरून बाजारातून मागे घेतला होता. वाफेची यंत्रे, चेहऱ्यावर फिरवायचे गोळे, सौम्य वीजप्रवाहाच्या कांड्या यांविषयी फार लिहीत नाही. वाटते बरे, टिकत काही नाही. सुयांचा रोलर मात्र दुसऱ्याचा कधीही वापरू नये. रक्ताशी संबंध आहे.

'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द आता प्रत्येक खोक्यावर असतात. ते वाचले की चार प्रश्न विचारावेत, असे आमचे तर्कशास्त्राचे सर सांगतील: किती जणांवर, किती दिवस, कशाच्या तुलनेत आणि कोणाच्या पैशाने? तीस बायकांना चार आठवडे क्रीम देऊन 'त्वचा मऊ वाटते का?' असे विचारले, तर सव्वीस जणी हो म्हणतील. कोणतेही मलम लावले तरी त्वचा मऊ वाटतेच. खरा प्रयोग तो, ज्यात अर्ध्यांना गुणकारी द्रव्याचे मलम आणि अर्ध्यांना तेच मलम द्रव्याविना मिळते, आणि कोणाला कोणते हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते व मोजणाऱ्यालाही नसते. अमेरिकेच्या खात्याने यंत्राला 'मोकळीक' दिली, असे छापलेले असते त्याचाही अर्थ नीट घ्यावा. बाजारात आधीपासून असलेल्या यंत्रासारखेच हे आहे, एवढेच त्यात मान्य झालेले असते. गुणाची ती मोठी परीक्षा नव्हे. आणि मोबाईलवर क्रीमची स्तुती करणारी ताई पैसे घेऊन बोलत असेल, तर तसे सांगणे २०२२ व २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यावर बंधनकारक आहे.

मग लावावे तरी काय? खऱ्या प्रयोगाचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावचे आहे. तिथल्या ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांना दोन गटांत विभागले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी त्यांच्या हाताच्या पाठीचे ठसे घेऊन सुरकुत्या मोजल्या. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरले. त्याच प्रयोगात दिलेल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा काही उपयोग दिसला नाही. अर्थात ते लोक गोरे होते. सावळ्या कातडीला मुळातच थोडे संरक्षण असते, त्यामुळे आपला फायदा त्याच मापाचा असेल असे मी म्हणत नाही. पण वांग आणि मुरुमांचे काळे डाग, जे आपल्याला सुरकुत्यांपेक्षा जास्त छळतात, उन्हानेच गडद होतात. त्यांवर लोहाचा रंग मिसळलेले, म्हणजे किंचित तपकिरी दिसणारे सनस्क्रीन पांढऱ्यापेक्षा उपयोगी ठरते, कारण ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के जंबुपार किरण अडवतो आणि ५० सुमारे ९८ टक्के. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. मात्र हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतके जाड लावल्यावर मिळतात. आपण त्याच्या निम्मेही लावीत नाही. तेव्हा महाग सनस्क्रीन कंजूषपणे लावण्यापेक्षा स्वस्त भरपूर लावणे शहाणपणाचे.

याखेरीज पुराव्याच्या भिंगाखाली टिकतात ती मुरुमांसाठी बेंझॉईल पेरॉक्साईड व अॅडापलीन, सुरकुत्या व डागांसाठी ट्रेटिनॉइन (हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि गरोदरपणात मुळीच नाही), कोरडेपणासाठी ग्लिसरीन आणि साधी पेट्रोलियम जेली. नायसिनामाईडचा थोडा गुण आहे. कोलॅजनच्या क्रीमचा मात्र नाही, कारण कोलॅजनचा रेणू इतका मोठा की तो कातडीतून आत शिरतच नाही. वरवर मऊपणा देतो, तो जेलीनेही मिळतो, आणि जेलीची डबी कॅन्टीनमधल्या चार चहांच्या पैशांत येते. नवे काहीही आणले, तर आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, मग चेहऱ्याच्या एकाच अर्ध्यावर दीड-दोन महिने. दोन्ही बाजूंत फरक दिसला नाही, तर आपला प्रयोग आपणच केला, आणि कोणाच्या पैशानेही नव्हे.

तक्रार करायची वेळ आली तर बिल लागते. कोऱ्या डबीचे बिल कोणी देत नाही, तिथेच आपली बाजू लंगडी पडते. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनीवर तक्रार नोंदवता येते, ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, वकील लागतोच असे नाही. प्रसाधनातील भेसळ वा बेकायदा घटक असतील, तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात कळवावे.

आणि आपल्यापैकी कोणी अशी बिननावाची डबी आजवर वापरीत असेल, तर लाजून गप्प बसू नये. लावणे आज थांबवावे, डबीचे झाकण घट्ट लावून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मुलांपासून दूर ठेवावी. मग लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी, थोड्या पैशांत कोणत्याही लॅबमध्ये होते. सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावे आणि जाताना ती डबी बरोबर न्यावी. फेकून देऊ नये. अकोल्यात कारण सापडले, ते ती डबी घरात होती म्हणून.